विणकर संघाची पत

सात ऑगस्ट हा दिवस २०१५ पासून देशभर हातमाग दिन म्हणून पाळला जातो. १९०५ साली याच दिवशी कलकत्त्यात स्वदेशीची घोषणा झाली, हे त्या निवडीमागचे कारण. पुढे दोन ऑक्टोबर येतो आणि खादी भांडारांवर गर्दी होते. या दोन तारखांच्या दरम्यान चरखा आणि माग यांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु जो कातणारा आणि जो विणणारा, तो ज्या मंडळाचा वा सहकारी संस्थेचा सभासद आहे, त्या संस्थेचा ताळेबंद काय सांगतो, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

आपल्याकडे या विषयाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ झालेल्या दिसतात. एक भक्तीची. चरखा ही पूज्य वस्तू, म्हणून तिच्यासंबंधी पैशाचे प्रश्न विचारणे अनुचित. दुसरी उपेक्षेची. यंत्रयुगात हाताने सूत काढणे वा कापड विणणे हा कालबाह्य हट्ट, म्हणून त्याचा विचारच नको. दोन्ही रीतींचा परिणाम एकच होतो. हिशेब तपासला जात नाही आणि विणकर दयेचा विषय होऊन बसतो. वस्तुतः विणकरांचा संघ ही एक आर्थिक संस्था आहे आणि तिची परीक्षा आर्थिक कसोट्यांवरच झाली पाहिजे. ती परीक्षा सहानुभूतीने व्हावी एवढेच म्हणता येईल.

गोवर्धनचे विणकर

ही मागणी नवी नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात विणकरांच्या संघाकडे याच दृष्टीने पाहिले जात होते, याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेण्यात वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूंकरिता त्याने ३००० कार्षापण कायमचे ठेवले. ते ठेवले कोणाकडे? जवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यायचा, अशी अट होती. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे होते. हिशेब करून पाहावा : २००० वर दरसाल शेकडा १२ प्रमाणे २४० होतात आणि वीस भिक्षूंचे प्रत्येकी १२ म्हणजेही २४०च. हा सर्व व्यवहार नगराच्या निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि दप्तरी फलकावर नोंदवला गेला, असेही तो लेख सांगतो.

या लेखातील दानशूरपणाचे वर्णन इतिहासाच्या पुस्तकांत आढळते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. राजघराण्यातील एक पुरुष आपली रक्कम कायमची कोठे सुरक्षित राहील याचा विचार करतो आणि विणकरांच्या संघाची निवड करतो. म्हणजे त्या संघाला स्वतःची पत होती. एका माणसाच्या मृत्यूने वा एका मोसमाच्या मंदीने तो मोडणार नाही, पिढ्यान्‌पिढ्या व्याज देत राहील, असा विश्वास होता. आणि दोन श्रेणींचे व्याजदर वेगळे होते, यावरून प्रत्येकीशी स्वतंत्र बोलणे झाले असले पाहिजे, असाही तर्क करता येतो. आज विणकरांची संस्था बँकेच्या दारात अर्जदार म्हणून उभी असते. त्या काळी धनको तिच्या दारात येत होता. या दोन चित्रांमधील अंतर केवळ यंत्राने पडले, असे म्हणून चालणार नाही. यंत्राने बाजार हिरावला हे खरेच, पण पत गमावण्याची कारणे काही अंशी संस्थेच्या रचनेतही शोधावी लागतात.

मजुरीची कसोटी

पहिली कसोटी मजुरीची. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूरांनी चरख्याच्या पंथावर कठोर टीका केली होती आणि तीत तथ्यांश होता. तेच ते यांत्रिक काम माणसाच्या बुद्धीला काय देते, हा त्यांचा प्रश्न होता. गांधीजींचे उत्तर रिकाम्या हातांचे होते. शेतीतून वर्षाचे काही महिने काम मिळत नाही, त्या महिन्यांत कताई चार पैसे देईल. हा युक्तिवाद पूरक उत्पन्नाचा होता आणि त्यामुळे मजुरीचा दर अत्यल्प राहिला तरी चालेल, अशी समजूत दहा वर्षे टिकून राहिली.

१९३५ मध्ये गांधीजींनीच ती समजूत मोडली. कातणाऱ्या बाईला निर्वाह होईल इतकी मजुरी मिळाली पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि चरखा संघाला ती स्वीकारावी लागली. विक्री घटेल ही कार्यकर्त्यांची भीती अनाठायी नव्हती. तरीही वर्ध्याच्या परिसरात या प्रश्नावर गांभीर्याने काम झाले. मूळचे कोकणातील गागोद्याचे विनोबा नालवाडीत केवळ कताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग करीत होते. एका माणसाचे पोट त्या मजुरीवर भरते की नाही, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर तपासले. आजच्या किती संस्थांचे पदाधिकारी हा प्रयोग एक महिना करून पाहतील, हा प्रश्न अप्रस्तुत ठरू नये.

आता आजचे आकडे पाहू. खादी आयोगाने कताईचा दर २ ऑक्टोबर २०२४ पासून गुंडीमागे साडेबारा रुपये आणि १ एप्रिल २०२५ पासून पंधरा रुपये केला. काही वर्षांपूर्वी हाच दर चार रुपये होता, हे लक्षात घेतले तर ही वाढ स्वागतार्ह आहे. आठ चात्यांच्या चरख्यावर दिवसाला वीस गुंड्या निघाल्या असे धरले, तर रोजची कमाई ३०० रुपये होते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे शिकून, सवय करून, दिवसभर नजर सुतावर ठेवून केलेल्या कुशल कामाला आपण माती उचलण्याच्या कामाहूनही किंचित कमी मोल देतो. विणकरांची स्थिती याहून फार वेगळी नाही. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशातील हातमाग कामगारांची संख्या ३५ लाखांवर भरली. त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५००० रुपयांपेक्षा कमी होते. याच देशात २०२४-२५ मध्ये खादी वस्त्रांची विक्री ७००० कोटी रुपयांच्या वर गेली. दुकानातील विक्री आणि घरातील कमाई यांचा संबंध किती सैल झाला आहे, हे या आकड्यांवरून दिसून येते.

भांडवल कोणाचे?

दुसरी कसोटी भांडवलाची. विणकर संस्थेचे काम दिसायला सोपे असते. संस्था सूत विकत घेते, सभासदाला देते. त्याच्या घरी कांड्या भरल्या जातात, ताण्याला खळ लागते, धोटा फिरतो. कापड तयार झाले की संस्था ते तपासून मजुरी देते आणि माल विकते. या साखळीत सूत खरेदीचा दिवस आणि विक्रीचे पैसे हाती येण्याचा दिवस यांत जितके अंतर, तितके भांडवल अडकून पडते. उदाहरणादाखल ५० मागांची संस्था घेऊ. प्रत्येक मागाला आठवड्याला १००० रुपयांचे सूत आणि १५०० रुपये मजुरी लागते असे धरू. दर आठवड्याला सव्वा लाख रुपये गुंततात. विक्रीचे पैसे वीस आठवड्यांनी येत असतील, तर २५ लाख रुपये सतत अडकलेले राहतात. त्यावर दरमहा शेकडा एक, म्हणजे गोवर्धनच्याच दराने, वर्षाला तीन लाख रुपये व्याज पडते. मागामागे हा बोजा दरमहा ५०० रुपयांचा झाला. पैसे दहा आठवड्यांत आले, तर तो २५० वर येतो. उरलेले २५० रुपये विणकराच्या घरी जाऊ शकतात. ज्या घराची कमाई पाच हजारांच्या आत आहे, तेथे ही वाढ पाच टक्क्यांहून अधिक ठरते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. विणकराला सणासुदीच्या सवलतीपेक्षा वेळेवर मिळणाऱ्या पैशाची गरज अधिक आहे. लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत भागवावीत असा २००६ चा कायदा आहे. त्या कायद्याचे पालन सरकारी खात्यांनी आणि महामंडळांनी केले, तरी अनेक विणकर संस्थांचे निम्मे दुखणे बरे होईल. खादीवरील विक्री-सवलतीची जुनी पद्धत २०१० मध्ये बदलून उत्पादनाच्या मूल्यावर साहाय्य देण्याची पद्धत आली आणि त्याचा पाव हिस्सा कारागिरांसाठी राखला गेला, हा बदल योग्य दिशेचा होता. मात्र उरलेला तीन-चतुर्थांश हिस्सा उत्पादक आणि विक्रेत्या संस्थांकडे गेला, हेही नमूद केले पाहिजे.

भांडवलासंबंधी आणखी एक अप्रिय गोष्ट सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील सहकारी सूतगिरण्यांसाठी सभासदांचे ५, सरकारचे ४५ आणि कर्जाचे ५० टक्के असे सूत्र वर्षानुवर्षे चालले. ज्या संस्थेत सभासदाचा वाटा शंभरात पाच आहे, तेथे सभासद मालकाच्या जागरूकतेने वागेल ही अपेक्षा भाबडी होय. तो सभेला येतो, हात वर करतो आणि परत जातो. १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे ज्या २८ माणसांनी सहकाराची मुहूर्तमेढ रोवली, त्यांत विणकर होते. तेही दरिद्रीच होते. पण त्यांनी स्वतःच्या मजुरीतून पै-पै साठवून भांडवल उभे केले आणि म्हणून दुकानाच्या वजनकाट्यापासून हिशेबाच्या वहीपर्यंत सर्वत्र त्यांची नजर राहिली. सरकारचे भांडवल निषिद्ध नाही. परंतु ते सभासदाच्या भांडवलाच्या मागे चालत आले पाहिजे. ते पुढे धावू लागले की संस्था सहकारी राहत नाही.

दरम्यान, सरकारने जेथे खरोखर संरक्षण द्यावयाचे तेथे हात आखडता घेतला आहे. हातमागाला लडीच्या रूपातील सूत लागते. गिरण्यांनी आपल्या सुताचा ठरावीक भाग लडीत बांधावा असे बंधन आहे. ते एके काळी ५० टक्के होते, २००३ मध्ये ४० आणि २०१९ मध्ये ३० टक्के झाले. १९८५ च्या कायद्याने हातमागासाठी २२ वस्तू राखून ठेवल्या होत्या, त्या पुढे ११ वर आल्या. २०२० मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळही विसर्जित झाले. उत्सवाचा दिवस मिळाला, पण सल्ल्याची जागा गेली.

रत्नागिरीचा प्रश्न

हे सारे पालीसारख्या गावी बसून लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रयोजन आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील या गावातून एक रस्ता आंबा घाटाकडे जातो, पण इथल्या माणसांची खरी वाट मुंबईचीच राहिली. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. देशाला कापड विणून देणारे हात या जिल्ह्याने पुरवले, पण माग मात्र इथे राहिला नाही. जे परत आले ते मनीऑर्डरच्या रूपाने. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव जे उतरणीला लागले ते सावरले नाही. मनीऑर्डर आटली. कापडाचे ज्ञान घेऊन परतलेल्या माणसांना गावात त्या ज्ञानाचा उपयोग नव्हता. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुषांचे स्थलांतर थांबलेले नाही, याची ही साक्ष आहे. गावात राहिलेल्या या स्त्रियांना लावणी, कापणी, काजू आणि आंबा यांच्या मोसमाबाहेर घराजवळ काय काम देता येईल, हा आजचा प्रश्न आहे. बचत गट गावोगाव आहेत, पण कोकम, पापड आणि फणसपोळी यांपलीकडे त्यांची धाव सहसा जात नाही. म्हणून अधूनमधून चरखा वा माग केंद्राची कल्पना पुढे येते.

या कल्पनेचे स्वागत करताना दोन सावधगिरीच्या सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, हाताच्या कताईपासून आरंभ करू नये. कोकणात कापूस पिकत नाही. पेळू बाहेरून आणावा लागणार, तोही चित्रदुर्गासारख्या दूरच्या केंद्रातून. वर्ध्यासारख्या कापसाच्या प्रदेशात कताईला जो आधार आहे, तो इथे नाही. शिवाय आजच्या दराने कातणारीला रोजगार हमीपेक्षा अधिक मिळत नाही, हे वर दाखवलेच आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सफाई, खत आणि चर्मोद्योग यांवर भर दिला. स्थानिक द्रव्य आणि स्थानिक गरज पाहून उद्योग निवडावा, हा धडा त्यांच्या कामातून घेता येतो. आरंभ विणकामापासून व्हावा आणि सूत गिरणीचे घ्यावे.

यात कमीपणा नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर, पावसाने झोडपलेल्या आणि तुटपुंज्या शेतीच्या प्रदेशात, हॅरिस ट्वीड नावाचे लोकरी कापड विणले जाते. सूत तिथल्याच गिरण्यांत निघते. विणकाम मात्र बेटवासीयांनी आपापल्या घरीच केले पाहिजे, असे १९९३ च्या ब्रिटिश कायद्याने ठरवून दिले आहे. नाव, जागा आणि पद्धत यांचे संरक्षण कायद्याने केले, म्हणून त्या कापडाला जगाच्या बाजारात किंमत येते. आपल्याकडेही २००६ पासून हातमागाचे आणि २०१३ पासून खादीचे अधिकृत चिन्ह आहे. उणीव आहे ती यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकणाऱ्यावर कारवाई करण्याच्या इच्छेची.

दुसरी सूचना अशी की, प्रशिक्षणाचे विद्यावेतन संपले की केंद्र बंद, हा अनुभव टाळायचा असेल तर गिऱ्हाईक आधी आणि माग नंतर, असा क्रम असावा. विणकाम चार महिन्यांत शिकता येत नाही. सोलापूर वा इचलकरंजीकडून जाणता कारागीर आणून त्याला दोन वर्षे तरी इथे ठेवावे लागेल. त्या काळात तयार होणारे साधे कापड, म्हणजे पंचे, टॉवेल, चादरी, पडदे, कोण घेणार, हे माग बसवण्यापूर्वी लिहून ठेवलेले असावे.

वाचकांचा वाटा

इथे या मजकुराच्या वाचकांचा, म्हणजे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थ्यांचा, संबंध येतो. पगारदार वर्गाजवळ मोठे भांडवल नसते, परंतु नियमित उत्पन्न असते. वर उल्लेखिलेल्या ५० मागांच्या संस्थेला २५ लाखांचे खेळते भांडवल लागते. एक हजार कुटुंबांनी वर्षारंभी प्रत्येकी २५०० रुपये कापडाची आगाऊ किंमत म्हणून दिली, तर नेमके तेवढेच होतात. कापड जसजसे घरी येईल तसतशी ही रक्कम कमी होत जाईल, म्हणून सगळी गरज त्यातून भागणार नाही. पण मोठा भाग भागेल आणि संस्थेला सावकाराकडे जावे लागणार नाही. ही देणगी नव्हे. वाचलेल्या व्याजातील काही अंश गिऱ्हाईकाला कापडाच्या रूपाने आणि उरलेला विणकराला मजुरीच्या रूपाने मिळावा. पतसंस्थांनी आपला निधी अशा कामात गुंतवण्यावर सहकार कायद्याच्या ७० व्या कलमाची बंधने आहेत आणि ती असणेच इष्ट आहे. परंतु व्यक्तीने आपल्या घरासाठी लागणारे कापड आगाऊ पैसे देऊन मागवण्यास कोणाची आडकाठी नाही.

यावर आक्षेप येईल की, असे पैसे बुडाल्याची उदाहरणे सहकाराच्या क्षेत्रात थोडी नाहीत. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पैसे देणाऱ्याने अट घालावी. दर महिन्याला किती सूत आले, किती कापड झाले, किती विकले गेले, मजुरी किती दिली आणि गोदामात काय पडून आहे, हे पाच आकडे संस्थेच्या दारावर लावले गेले पाहिजेत. एखाद्या महाविद्यालयाच्या वाणिज्य शाखेतील विद्यार्थी हे हिशेब तपासण्याचे काम आनंदाने करतील आणि त्यांना पुस्तकात न मिळणारे शिक्षण मिळेल. जी संस्था हे आकडे लावण्यास कां-कूं करील, तिच्याकडे पैसे ठेवू नयेत, मग तिच्या भिंतीवर कोणाचीही तसबीर असो.

विणकराला आपण आजवर पुष्कळ सहानुभूती दिली. तिने त्याचे उत्पन्न वाढले नाही. त्याला हवी आहे ती पत, आणि पत ही मागून मिळत नाही, मेहेरबानीने तर नाहीच. सभासदाचे स्वतःचे भांडवल, वेळेवरची मजुरी आणि सर्वांना वाचता येईल असा हिशेब, यांतून ती हळूहळू साठते. गोवर्धनच्या विणकरांनी ती साठवली होती, म्हणून त्यांच्याकडे ठेवलेल्या पैशाची नोंद सभेत वाचून फलकावर करता आली. आपल्या गावातल्या संस्थेचा फलक कोरा राहणार की भरणार, हे ठरवण्याचे काम सरकारी दिनदर्शिकेवर सोपवून चालणार नाही. ते सभासदांनी आणि कापड घेणाऱ्यांनी मिळूनच केले पाहिजे.